तुळईचे भोक आणि तारेची जाळी

घराच्या तुळईला भोक पाडावे की पाडू नये, हा प्रश्न घरमालकाला सहसा पडत नाही. तो पडतो नळकाम करणाऱ्याला; आणि तो त्याचे उत्तर पूर्वी छिन्नी-हातोड्याने आणि हल्ली यंत्राने पाच-दहा मिनिटांत देऊन मोकळा होतो. न्हाणीघराचा पाइप पलीकडे न्यायचा असतो, मध्ये तुळई आडवी येते, वळसा घालायला जागा नसते. ‘एवढ्या मोठ्या तुळईला चार इंचांच्या भोकाने काय होणार?’ असा त्याचा युक्तिवाद असतो. या युक्तिवादात तथ्य किती आणि धोका किती, हे स्थापत्यशास्त्र न शिकलेल्या वाचकालाही उमजेल अशा रीतीने सांगावे, असा आमचा येथे हेतू आहे. त्याच ओघात तारेच्या जाळीचाही विचार करावयाचा आहे. कारण भोकाभोवतीची तुळई सावरण्याचा जो एक उपाय गेल्या काही दशकांत पुष्कळ तपासला गेला, तो ही जाळी होय.

प्रथम हे सांगितले पाहिजे की तुळईतले भोक हा नेहमी अज्ञानाचाच प्रकार असतो असे नाही. रुग्णालये, कचेऱ्या, मोठी दुकाने यांच्या छताखालून हवेचे मार्ग, विजेच्या वाहिन्या, पाण्याचे नळ जातात. हे सारे तुळयांच्या खालून न्यायचे म्हटले, तर प्रत्येक मजल्याची उंची ३० सेंटीमीटरने तरी वाढते. दहा मजल्यांत ही वाढ तीन मीटर, म्हणजे एक सबंध मजला झाला! तेवढ्या भिंती, तेवढे खांब, तेवढा खर्च. त्यापेक्षा तुळईच्या पोटातच झरोका ठेवून वाहिन्या आरपार नेणे स्वस्त पडते. तेव्हा भोक असावे की नसावे हा वाद फोल आहे. ते कोठे असावे, कोणत्या आकाराचे असावे आणि त्याची तरतूद काँक्रीट ओतण्याच्या आधी झाली होती की नाही, हे खरे प्रश्न आहेत.

तुळई भार कसा पेलते ते थोडे पाहू. दोन खांबांवर टेकलेली तुळई भाराने मध्ये किंचित वाकते. वाकताना तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण सोसण्याची त्याची शक्ती मात्र दाबाच्या शक्तीच्या सुमारे एक-दशांश. म्हणून खालच्या बाजूस पोलादाच्या सळया घालतात. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते असे की वाकण्याखेरीज आणखी एक जोर तुळईत वावरत असतो. कात्रीची दोन पाती जशी कापडाला एकमेकांशेजारून विरुद्ध दिशांनी ढकलतात, तसा हा जोर तुळईचा एक छेद शेजारच्या छेदावरून खाली सरकवू पाहतो. शास्त्रात याला कर्तन म्हणतात. सारखा पसरलेला भार असेल तर कर्तन मध्यावर शून्य असते आणि खांबाकडे वाढत जाते. वाकवणाऱ्या जोराच्या अगदी उलट. या कर्तनामुळे तुळईच्या पोटात तिरपा ताण उत्पन्न होतो आणि खांबाजवळ खालून वर, मध्याकडे झुकणाऱ्या भेगा पडू पाहतात. त्यांना आवर घालण्यासाठी सळयांभोवती ठराविक अंतराने पोलादी कड्या घालतात. आमच्याकडचे सळईकाम करणारे त्यांना सरसकट रिंगा म्हणतात; तोच शब्द आपण येथे वापरू.

वाकण्याने येणारा नाश बहुधा सांगून येतो. तुळई खाली झुकते, तळाशी भेगा रुंदावतात, गिलावा पडतो, माणसे बाहेर पडू शकतात. कर्तनाने येणारा नाश असा सभ्य नसतो. ऑगस्ट १९५५ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातील शेल्बी येथे वायुदलाच्या एका कोठाराच्या छपराचा मोठा भाग एकाएकी खाली आला. तुळया सुमारे ९० सेंटीमीटर उंचीच्या, म्हणजे चांगल्या भरभक्कम होत्या. छपरावर स्वतःच्या वजनाखेरीज दुसरा भार नव्हता. पण तुळया जेथे तुटल्या तेथे रिंगा नव्हत्या, आणि काँक्रीट आटल्याने व तापमानामुळे आलेला ताण त्यात मिळाला होता. या घटनेनंतर कर्तनासंबंधीचे अमेरिकन नियम मुळातून तपासले गेले. त्या तुळयांना भोके नव्हती, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. धड तुळईची जर ही गत, तर जिच्या पोटात भोक पाडताना नेमकी रिंगच कापली गेली, तिच्याविषयी अधिक काळजी वाटणे साहजिक आहे.

आता भोकाकडे वळू. नळवाल्याचा युक्तिवाद असा की भोकाने काँक्रीट किती गेले? मूठभर. पण येथे गेलेल्या काँक्रीटचे वजन मोजून उपयोग नाही. त्या जागेतून जो जोर वाहत होता त्याने आता जावे कोठून, हे पाहावयाचे. नदीच्या पात्रात खडक आला की पाणी त्याच्या दोन्ही अंगांनी दाटीने धावते; तशी भोकाच्या कडेला ताणाची दाटी होते. जर्मन शास्त्रज्ञ किर्श याने १८९८ मध्ये गणिताने दाखवले की रुंद पत्रा ताणला असता त्यातील गोल भोकाच्या कडेवरचा ताण इतरत्र असणाऱ्या ताणाच्या तिप्पट होतो. गंमत अशी की ही तिप्पट भोक लहान की मोठे यावर अवलंबून नाही. चौकोनी भोकाच्या टोकदार कोपऱ्यात तर दाटी याहूनही अधिक. म्हणून भोक ठेवायचेच असेल तर गोल ठेवावे, आणि चौकोनी ठेवणे भाग असेल तर कोपरे गोलवावेत, हा पहिला धडा.

लहान गोल भोक असेल तर तुळई अजून तुळईच राहते. लहान कशाला म्हणावे यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. कोणी तुळईच्या उंचीच्या एक-चतुर्थांश व्यासापर्यंतचे भोक लहान मानतात, कोणी दोन-पंचमांशापर्यंतचे. पण लांबट चौकोनी झरोका ठेवला की तुळईचे रूपच पालटते. झरोक्याच्या वर एक पट्टी उरते, खाली एक. आणि दोहोंच्या टोकांना भरीव भाग. ही आडवी ठेवलेली शिडीच झाली! तिरपे दांडे नसलेली अशी शिडीसारखी चौकट भार पेलू शकते, हे बेल्जियमच्या आर्थर व्हीरेंडील या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले आणि १८९७ च्या प्रदर्शनाच्या वेळी तेर्वूरेन येथे चाचणीचा पूल उभारून दाखवले. तिरपे दांडे नसल्यामुळे अशा चौकटीत कर्तनाचे सगळे ओझे आडव्या पट्ट्यांनी स्वतः वाकून सोसावे लागते. सगळी मेख येथे आहे.

एक उदाहरण आकड्यांनी करून पाहू. चार मीटर अंतराच्या दोन आधारांवर साधी टेकलेली, २३ सेंटीमीटर रुंद व ४५ सेंटीमीटर उंच तुळई घ्या. तिच्यावर दर मीटरला दोन टन भार आहे. एकूण भार आठ टन, प्रत्येक आधारावर चार टन. आधारापासून एक मीटरवर कर्तन उरते दोन टन. तेथे मध्यबिंदू येईल असा ६० सेंटीमीटर लांब व २० सेंटीमीटर उंच झरोका ठेवला. वर आणि खाली साडेबारा-साडेबारा सेंटीमीटरच्या पट्ट्या उरल्या. मूळच्या वाकण्यामुळे वरची पट्टी सुमारे सव्वानऊ टनांनी दाबली जाते आणि खालची तेवढ्यानेच ताणली जाते. ते ठीक आहे, त्याची सोय मूळच्या सळयांत असते. पण दोन टनांचे कर्तन दोन्ही पट्ट्यांनी निम्मे निम्मे वाटून घेतले असे धरले, तर प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना एक टन गुणिले ३० सेंटीमीटर, म्हणजे ०.३ टन-मीटर एवढा वाकवणारा जोर नव्याने येतो. अखंड तुळईत हा नव्हता. तो झरोक्याने जन्माला घातला. एवढ्या बारीक पट्टीत तो सोसायचा तर तेथील पोलादावर पावणेचार टनांच्या आसपास ताण पडतो. शिवाय निम्मे-निम्मे वाटप हा हिशेबाचा उदारपणा आहे. खालची पट्टी ताणलेली, भेगाळलेली असते. ती आपला वाटा टाळते आणि वरच्या पट्टीवर जवळजवळ दुपटीपर्यंत भार ढकलते.

हाच झरोका तुळईच्या बरोबर मध्यावर ठेवला तर? तेथे वाकवणारा जोर सर्वांत अधिक, म्हणून सामान्य माणसाला मध्य ही सर्वांत धोक्याची जागा वाटते. पण तेथे कर्तन जवळजवळ नाही, आणि झरोक्याच्या जागेतले बरेचसे काँक्रीट ताणाच्या भागातले असल्याने तसेही स्वस्थच बसलेले असते. वरची दाबाची पट्टी पुरेशी जाड ठेवली आणि तळाच्या सळयांना हात लावला नाही, तर मध्यावरचे भोक तुळई निमूटपणे सहन करते. मध्यावर जे चालते ते खांबाजवळ चालत नाही, ही गोष्ट सहज सुचत नाही आणि म्हणूनच ती घोकून ठेवण्याजोगी आहे. भूकंपाचा विचार करून केलेले भारतीय मानक खांबाच्या तोंडापासून तुळईच्या प्रभावी उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत रिंगा दाट घालण्यास सांगते. त्या पट्ट्यात भोक पाडणे म्हणजे पहारेकऱ्यालाच रजा देणे होय. गच्चीबाहेर अधांतरी आलेली तुळई, किंवा जिच्यावर दुसरी तुळई येऊन टेकते ती जागा, येथेही भोक वर्ज्यच मानावे.

झरोक्याच्या चार कोपऱ्यांपैकी दोन उघडू पाहतात आणि दोन मिटू पाहतात. आधाराकडचा खालचा कोपरा आणि मध्याकडचा वरचा कोपरा, हे उघडणारे. भेग तेथूनच निघते. पहिली खाली आधाराकडे जाते, दुसरी वर भाराकडे. या भेगांना आडव्या जातील अशा तिरप्या सळया कोपऱ्यांत घालतात, झरोक्याच्या दोन्ही बाजूंना जादा उभ्या रिंगा घालतात, आणि वरच्या-खालच्या पट्टीला स्वतंत्र छोट्या रिंगा देतात. एवढे सगळे त्या चिंचोळ्या जागेत बसवताना सळईकाम करणाऱ्याची कोण तारांबळ उडते! सळयांची इतकी गर्दी होते की काँक्रीट आत शिरत नाही, पोकळ्या राहतात, आणि मजबुतीसाठी घातलेले पोलादच दुबळेपणाला कारण होते. नेमक्या या अडचणीत तारेच्या जाळीची आठवण होते.

जाळीचे काँक्रीट हे सळईच्या काँक्रीटपेक्षा वयाने वडील आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. फ्रान्समधील लांबो याने १८४८ मध्ये लोखंडी तारांच्या जाळीवर सिमेंटचा लेप देऊन नाव केली व १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली. त्याच देशातील मोनिए या माळ्याने १८६७ मध्ये जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे एकस्व घेतले. पोलाद ताणाच्या बाजूलाच हवे हा विचार जर्मनीत क्योनेन याने १८८६ मध्ये मांडला आणि मग जाड सळयांचे युग आले. जाळी मागे पडली. तिला पुन्हा मानाचे स्थान दिले इटलीच्या पिएर लुईजी नेर्वी याने. बारीक तारांचे अनेक थर आणि त्यांत दाबून भरलेला सिमेंट-वाळूचा गारा, असे हे ‘फेरोसिमेंट’. त्याने साडेतीन सेंटीमीटर जाडीच्या कवचाचे १६५ टनी जहाज केले, आणि तुरिन येथील १९४८-४९ च्या प्रदर्शनगृहाचे छप्पर पाच सेंटीमीटरपेक्षाही पातळ अशा लाटांच्या आकाराच्या तुकड्यांतून रचले. त्या तुकड्यांच्या उतरत्या अंगांना त्याने उजेडासाठी खिडक्या ठेवल्या आहेत. जाळीने बांधलेल्या अवयवाला झरोके कसे शोभतात आणि कसे पेलवतात, याचे याहून देखणे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

जाळीत असे काय आहे? पोलाद तर तेच. फरक आहे तो काँक्रीटशी होणाऱ्या पकडीचा. १० मिलिमीटर जाडीची एक सळई घ्या. तेवढ्याच छेदाचे पोलाद एक मिलिमीटरच्या तारांत वाटले तर १०० तारा होतात, आणि त्या तारांचा एकूण परीघ त्या एका सळईच्या दसपट भरतो. म्हणजे सिमेंटला धरून ठेवणारा पृष्ठभाग दसपट झाला. परिणाम असा की एक रुंद भेग पडण्याऐवजी केसासारख्या अनेक भेगा पडतात, त्या उशिरा पडतात आणि पसरताना ठायी ठायी अडतात. झरोक्याच्या कोपऱ्यावर, जेथे ताणाची दाटी अगदी लहान जागेत असते व भेग कोणत्या कोनाने निघेल याचा नेमका भरवसा नसतो, तेथे दोन्ही दिशांना पसरलेली जाळी फार उपयोगी पडते. वेल्डिंगने सांधलेली जाळी रिंगांच्या पिंजऱ्याला गुंडाळून मग काँक्रीट ओतलेल्या तुळया प्रयोगशाळांतून दाबून पाहिल्या गेल्या आहेत. त्यांत दिसते ते थोडक्यात असे: पहिली भेग लांबते, भेगा बारीक राहतात, आणि मोडतानाही तुळई एकदम तुटण्याऐवजी काही काळ रेटत राहते.

मात्र याच प्रयोगांचा दुसरा अर्थही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. जाळी ही सोबतीण आहे, मालकीण नव्हे. आपल्या उदाहरणातल्या पट्टीला जो पावणेचार टनांचा जादा ताण आला, तो सोसायला सळयाच हव्यात. ३ मिलिमीटरच्या तारांची, ५० मिलिमीटर घरांची जाळी घेतली, तर तिच्या एक मीटर रुंदीत पोलाद भरते अवघे १४१ चौरस मिलिमीटर. १२ मिलिमीटरच्या सव्वा सळईएवढे. साडेबारा सेंटीमीटरच्या पट्टीच्या वाट्याला त्यातले किती येणार? आणि गवंडी विटांच्या भिंती व तुळई यांच्या सांध्यावर गिलावा तडकू नये म्हणून जी षट्कोनी घरांची कोंबडीजाळी ठोकतात, तिचा तुळईच्या बळाशी काडीइतका संबंध नाही. ‘जाळी मारली आहे, आता चिंता नको,’ असे जेव्हा आपल्याला सांगितले जाते, तेव्हा कोणती जाळी, किती थर आणि कोठे अडकवलेली, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.

राहिला प्रश्न आधीच पडून गेलेल्या भोकांचा. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने करून घ्यावी लागते. अशा वेळी छताखालचे खोटे आवरण काढले की मागे कोणी कोणी पाडलेली भोके उजेडात येतात. चार इंची पाइपासाठी साधारण साडेबारा सेंटीमीटरचे भोक लागते आणि दोन रिंगांमध्ये अंतर असते साधारण १५ सेंटीमीटर. नेम इतका अचूक बसणे हा निव्वळ नशिबाचा भाग. छिन्नीने फोडणाऱ्याला सळई लागली तर निदान हात थांबत असे. हिऱ्याच्या दातांचे यंत्र काँक्रीट आणि पोलाद सारख्याच सफाईने कापते आणि कापल्याचे कळूही देत नाही. म्हणून भोक पाडण्यापूर्वी सळईशोधक यंत्र फिरवून रिंगांच्या जागा खडूने आखून घ्याव्यात, आणि तरीही आराखडा करणाऱ्या अभियंत्याला विचारल्यावाचून यंत्र लावू नये.

अशा जुन्या भोकाभोवती जाळी बसवून दुरुस्ती करता येते. गिलावा काढून काँक्रीटचा पृष्ठभाग खडबडीत करतात, खुंट्या पुरतात, तुळईच्या तळाखालून वळवून दोन्ही अंगांना जाळीचे थर चढवतात, वरची टोके स्लॅबजवळ पक्की अडकवतात आणि गारा दाबून भरतात. येथे एक चूक वारंवार होताना दिसते. तुळईवर आधीचा सारा भार तसाच ठेवून जाळी बसवली, तर त्या भाराशी जाळीचा काही संबंध येत नाही. तो जुनेच काँक्रीट वाहत राहते, आणि जाळी केवळ पुढे वाढणाऱ्या भाराची वाटेकरी होते. म्हणून आधी खालून टेकू लावून तुळईला किंचित उचलून हलके करावे, मग जाळी चढवावी, गारा पुरता पक्का झाल्यावरच टेकू काढावेत. रिंग तुटलेली असेल, आणि तीही खांबाजवळ, तर जाळीवर विसंबू नये. बोल्टांनी आवळलेले पोलादी पत्रे किंवा तसाच दुसरा भक्कम उपाय अभियंत्याकडून करवून घ्यावा.

गंजाचेही भान हवे. एक मिलिमीटर तारेचा सर्व बाजूंनी दशांश मिलिमीटर थर गंजला तर तिचा ३६ टक्के छेद नाहीसा होतो; १० मिलिमीटरच्या सळईचा तेवढाच थर गंजला तर फक्त चार टक्के जातो. समुद्रकाठच्या हवेत, किंवा जेथून पाणी झिरपते अशा न्हाणीघराच्या तुळईवर, जस्ताचा मुलामा दिलेली जाळी आणि घट्ट, पाणी न शिरणारा गारा यांत काटकसर करणे महागात पडते.

आणि ज्याला यातले काहीच तूर्त करावयाचे नाही, पण आपल्या घरातल्या तुळईला भोक आहे एवढे माहीत आहे, त्याने निदान भोकाच्या कडेला भेग आहे काय हे पाहावे. विशेषतः खांबाकडच्या खालच्या बाजूस आणि मध्याकडच्या वरच्या बाजूस. दिसलीच तर तेथला गिलावा काढून, भेगेवर आडवी अशी पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवावी आणि शेजारी तारीख लिहून ठेवावी. जुने अभियंते हेच करीत. काच महिनोन्‌महिने शाबूत राहिली तर भेग स्वस्थ आहे असे बहुधा समजता येते. तडकली, तर त्या दिवशीच टेकू लावून अभियंत्याला बोलवावे.